उद्या एक वाजता, चाळीस पानं!

लग्नाच्या पंगती वाढणाऱ्या मावशीला ऑफिसांच्या ऑर्डर्स हव्या होत्या. म्हटलं, त्यात काय, वेबसाइट चकाचक करून टाकू. पण चकाचक साइटवरून एकही ऑर्डर येईना, तेव्हा लक्षात आलं की चूक रंगात नव्हती...

रात्रीचे साडेदहा. दिवसभर पिळून निघाल्यावर मी मस्त लोळत मोबाइल चाळतेय आणि बॉसचा मेसेज टपकतो, 'क्लायंट उद्या येतोय. लंच फॉर फॉर्टी. प्लीज अरेंज.'

झालं! हे 'प्लीज अरेंज' ज्याच्या वाट्याला येतं ना, त्यालाच त्याचं दुःख ठाऊक. आमच्या ऑफिसात ते माझ्या वाट्याला येतं. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी अ‍ॅडमिन बघते. खुर्च्यांची चाकं, एसीचं तापमान, वाढदिवसाचे केक आणि अचानक उगवलेली चाळीस पानं, सगळं माझ्याच टेबलावर.

तर त्या रात्री मी पाच केटरर्सच्या वेबसाइट्स उघडल्या. पहिलीवर हार घातलेले नवरा-नवरी. दुसरीवर तीन पिढ्यांचा इतिहास. तिसरीवर चौदा रकान्यांचा फॉर्म आणि खाली 'आम्ही लवकरच संपर्क साधू'. अहो, लवकर म्हणजे कधी? क्लायंट एकला जेवणार आहे! चौथी उघडलीच नाही. पाचवीवर मात्र सरळ लिहिलं होतं : किमान पंचवीस डबे, एका डब्याचा दर इतका, जीएसटीचं बिल मिळेल, या नंबरवर अकरापर्यंत फोन उचलतो. मी फोन केला, त्यांनी उचलला, मी झोपले.

दुसऱ्या दिवशीचं जेवण कसं होतं? ठीकठाक. पनीरची नेहमीची भाजी, कोमट भात. पण वेळेवर आलं. आणि तो भात चिवडताना मला एकदम आठवलं, अरे, माझी सख्खी मावशी कोथरूडला केटरर आहे! तिच्या मसालेभातापुढे हे काहीच नाही. मग रात्री मला तिची वेबसाइट का नाही आठवली?

गोल गोल फिरणारा मोदक

कारण ती आठवण्यासारखी नव्हती. २००९ मध्ये माझ्या मावसभावाने कॉलेजात असताना हौसेने बनवलेली ती साइट. उघडली की सनई वाजायची, मधोमध एक मोदक गोल गोल फिरायचा आणि खाली 'आपण अमुकावे पाहुणे' असा आकडा. तेव्हा आम्ही सगळे त्या मोदकावर जाम फिदा होतो.

तो मोदक फ्लॅशमध्ये केलेला होता. अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशची चित्रं दिसेनाशीच झाली. म्हणजे इतकी वर्षं मावशीच्या दुकानाच्या दारात एक रिकामा चौकोन उभा होता आणि कुणाला पत्ताही नव्हता! भर म्हणून ब्राउझर वर 'नॉट सिक्युअर' असा शिक्का मारत होता. साधं 'एचटीटीपी' असलेल्या साइट्सवर क्रोम जुलै २०१८ पासून हा शिक्का मारतं. ऑफिसातला माणूस तो शिक्का पाहून आल्या पावली परत फिरतो.

पण मावशीचं काही अडलं नव्हतं. लग्नाचं गिऱ्हाईक वेबसाइटवरून येतच नाही, ते पंगतीतून उठून येतं. कुणाच्या तरी लग्नात अळूवडी खाल्ली, हात धुताना विचारलं, 'केटरर कोण हो?' आणि जमली पुढची ऑर्डर.

अडत होतं ते आषाढी एकादशीनंतर. चातुर्मासात आपल्याकडे लग्नं जवळजवळ थांबतात, ती थेट तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. मावशीकडे सहा बायका कामाला. सीझनमध्ये रोज हाजरी, रोज मजुरी. चातुर्मासात 'बघू, काही आलं तर कळवते'. दोन वर्षांपूर्वी त्यातल्या एकीने तीन महिने वाट पाहिली आणि मग एका सोसायटीत धुण्या-भांड्याची कामं धरली. परत काही आली नाही. अळूवडीचा उंडा तिच्यासारखा कुणाला बांधता यायचा नाही. मावशी तेव्हा हिशेबाची वही मिटून म्हणाली होती, 'पैसे नाही गेले गं, हात गेला माझा.'

म्हणून मावशीला ऑफिसांच्या ऑर्डर्स हव्या होत्या. ऑफिसला चातुर्मास नसतो! उलट श्रावणात उपवासवाले वाढतात.

'हे ताट कुणाचं?'

मग काय, भाची कामाला लागली. एका वीकएंडमध्ये मी नवी साइट उभी केली. पांढरीशुभ्र पार्श्वभूमी. वर सुटाबुटातले हस्तांदोलन करणारे गोरे लोक. मध्ये पांढऱ्या बशीत हिरवं पान ठेवलेला कुठलासा पदार्थ. आणि खाली झकास इंग्रजीत, आम्ही पाककलेतली उत्कृष्टता आपल्या दारी आणतो वगैरे वगैरे.

तीन महिन्यांत दोन फोन आले. एक, मुंजीचा अंदाज विचारणारा. दुसरा, 'मॅडम, तुमची वेबसाइट सुधारून देऊ का?' असं विचारणारा.

मावशीने चष्मा लावून साइट पाहिली. म्हणाली, 'हे ताट कुणाचं?'

'असंच गं. इंटरनेटवरचं.'

'मग जेवायलाही त्यांना इंटरनेटवरच जाऊ दे.'

लागलं, पण खरं होतं. मी साइट बनवली होती ती आपल्याला कॉर्पोरेट वाटावी म्हणून. साडेदहा वाजता लोळत पडलेल्या, घामाघूम झालेल्या माझ्यासारखीला काय हवंय, हा विचारच केला नव्हता. आणि ती तर मीच होते!

मग एक सोपी गोष्ट केली. गेल्या वर्षभरात मी केटरर्सना पाठवलेले मेसेज काढून बसले आणि त्यातले प्रश्न कागदावर उतरवले. कमीत कमी किती? आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत सांगायचं? दरात काय काय आलं? गेटवर किती वाजता? जैन डबे देता? चमचे, नॅपकिन, पाणी? कचरा कोण उचलणार? पाच माणसं वाढली तर? बिलावर जीएसटी नंबर? पैसे किती दिवसांनी चालतील? आणि फोन कोण उचलणार?

अकरा प्रश्न. त्यात चवीबद्दल एकही नाही! पहिल्या ऑर्डरला ऑफिसवाला चव विकत घेत नसतो, रात्रीची झोप विकत घेत असतो. चवीची पाळी दुसऱ्या ऑर्डरला येते.

ठरलं. साइटवर 'ऑफिससाठी' असं वेगळं पान करायचं आणि त्यावर या अकरा प्रश्नांची अकरा उत्तरं. बाकी काही नाही. लग्नवाल्यांचं पान वेगळं, नवरा-नवरी तिकडे सुखाने नांदोत.

दर छापायचा की नाही?

इथे महायुद्ध झालं. मावशीचं म्हणणं, 'दर कधी छापतात का? हॉल बघायचा, पानं बघायची, मग सांगायचा. छापला की माणूस घासाघीस करायलाच बसतो.' लग्नाच्या धंद्यात तिचं बरोबर होतं. पण ऑफिसात मला बॉसपुढे तीन केटरर्सचे दर ठेवावे लागतात. ज्याचा आकडा मिळत नाही, तो त्या यादीतच येत नाही. 'मावशी, घासाघीस करायला तरी माणूस दारात यायला हवा ना?'

शेवटी तह झाला. तीन डबे ठरवले, त्यांचे दर छापले. बाकी सगळं विचारून. साधा डबा १७० रुपये, मसालेभात आणि अळूवडीचा 'मीटिंग डबा' २४० रुपये आणि चार वाजताच्या चहाबरोबरचा खाऊ ९० रुपये.

किमान पंचवीस डब्यांची अट घातली, तेव्हा कारणही तिथेच लिहिलं. टेम्पोच्या एका फेरीला ९०० रुपये लागतात. आठच डबे नेले तर डब्यामागे ११२ रुपये भाडंच. पंचवीस नेले तर ३६. नुसती अट वाचली की माणसाला ती अरेरावी वाटते, कारण दिसलं की पटते. 'आमचे वीसच आहेत, पण पंचवीसचे पैसे देतो' असे फोन नंतर आम्हाला चक्क आले.

जीएसटीचाही घोळ निस्तरला. मावशीसारख्या साध्या आउटडोअर केटररला १ ऑक्टोबर २०१९ पासून ५ टक्के जीएसटी लागतो, त्याआधी १८ टक्के होता. पण ५ टक्क्यांत एक मेख आहे. यात इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. म्हणजे डबे, झाकणं, गॅस यांवर भरलेला कर परत मिळत नाही, तो खर्चच. मावशीने तो दरात धरलाच नव्हता. दर छापायची वेळ आली म्हणून हिशेब झाला, नाहीतर ती बिचारी प्रत्येक डब्यामागे थोडे थोडे पैसे घरचेच घालत राहिली असती.

एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांकही साइटवर टाकला, पण सर्टिफिकेटचा फोटो म्हणून नाही, अक्षरांत. मला तो कॉपी करून एफएसएसएआयच्या साइटवर तपासता आला पाहिजे. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणं सक्तीचंच आहे, मग वेबसाइटवर लपवायचा कशाला?

टेम्पो अकराला निघतो

सगळ्यात जास्त कामाची ओळ मात्र मावशीनेच दिली. मी लिहीत होते, 'वेळेवर पोहोचवण्याची हमी.' ती म्हणाली, 'हमी सगळेच देतात. आपण काय करतो ते लिही.'

मग ते लिहिलं. एकचं जेवण असेल तर भात दहा चाळीसला उतरतो. अकराला टेम्पो कोथरूडहून निघतो. चांदणी चौकातून हायवेला लागून सव्वाबाराला हिंजवडीत गेटवर. गरम पदार्थ इन्सुलेटेड पेट्यांत, ६० अंश सेल्सिअसच्या वर राहतील असे. दही आणि कोशिंबीर बर्फाच्या पेटीत. कारण ५ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात आणि कोमट जेवण म्हणजे त्यांचीच पंगत. झाकण उघडून ऊन बघायला मावशीने शंभर वेळा हात पोळून घेतला असेल, आता तिच्याकडे थर्मामीटर आहे.

मग 'आम्ही काय करत नाही' अशी एक छोटी यादीही टाकली. मांसाहार नाही. दोनशेच्या वर डबे नाहीत. सकाळी साडेआठच्या आत नाश्ता नाही. खराडी नाही, शहराच्या या टोकाहून त्या टोकाला भात गरम जात नाही. मावशीला वाटलं, गिऱ्हाईक पळेल. झालं उलटंच. फालतू फोन कमी झाले आणि जे आले ते कामाचे.

बाकीची डागडुजी तशी किरकोळ, पण तीच रोज नडत होती. फोन नंबर चित्रात होता, त्यावर बोट ठेवून फोन लागायचा नाही. तो अक्षरांत आणला, शेजारी व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. सहा-सहा एमबीचे फोटो दोनशे केबीवर आणले. चौदा रकान्यांचा फॉर्म आमच्याकडेही होता, तो चारवर आणला : तारीख, माणसं, ठिकाण, फोन. लेट्स एन्क्रिप्टचं फुकटातलं सर्टिफिकेट लावलं, 'नॉट सिक्युअर' गेलं. गुगलच्या नकाशावर जुन्या भाड्याच्या गाळ्याचा पत्ता होता, तो बदलला. पानाचं नाव नुसतं 'होम' होतं, त्याजागी 'हिंजवडी, बाणेर, बावधनसाठी ऑफिस लंच' असं केलं. माणसं शोधताना जे टाइप करतात, तेच पानावर असायला नको का?

फोटो सकाळी दहाला खिडकीच्या उजेडात काढले, ओट्यावर, उघड्या डब्यांचे. भाषा साधी इंग्रजी ठेवली, कारण ऑर्डर देणारे निम्मे लोक मराठी नसतात. फक्त एका बाबतीत मावशीने दम भरला, 'अळूवडीला काही तरी रोल-बिल म्हणालीस तर स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देणार नाही.' अळूवडी अळूवडीच राहिली. खाली एका ओळीत ती कशाची असते, ते सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कशाला, सरळ आपल्याच ऑफिसची ऑर्डर मावशीला द्यायची! मला तो मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. मावशीनेच अडवलं. 'तुझ्या ऑफिसात नको. चांगलं झालं तर वशिला म्हणतील, चुकलं तर तुझं नाव जाईल.' आजवर आमच्या ऑफिसात तिचा एकही डबा आलेला नाही.

जेवण झालं, पैसे कुठायत?

पहिला फोन श्रावणातल्या एका सोमवारच्या आदल्या दिवशी आला. बाणेरचं एक छोटं ऑफिस, तीस डबे, त्यातले नऊ उपवासाचे. पलीकडची मुलगी म्हणाली, 'तुमच्या साइटवर लिहिलंय, टेम्पो अकराला निघतो. खरंच निघतो का हो?' मावशी म्हणाली, 'निघतो म्हणजे निघतोच.' निघाला. पण उपवासाच्या डब्यांवर खूण करायला आम्ही विसरलो आणि तिकडे बिचारीने तीसच्या तीस डबे उघडून पाहिले. त्या संध्याकाळी तीन रंगांचे स्टिकर आले, साधा, जैन आणि उपवास. साइटवरही त्यांचा फोटो चढला. ती मुलगी आजही दर सोमवारी ऑर्डर देते.

दुसरा फटका मोठा होता. एका कंपनीने आठवडाभर रोज साठ डबे घेतले, वा वा केली आणि पैसे दिले ७८ दिवसांनी! लग्नात निम्मे पैसे आधी मिळतात, इथे जेवून हात धुऊन मंडळी गायब. बायकांची मजुरी थांबू नये म्हणून मावशीने एफडी मोडली. मला अपराधी वाटत राहिलं. ऑफिसांच्या वाटेला तिला मीच तर नेलं होतं.

मग अभ्यास केला. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे ठरल्या मुदतीत द्यावे लागतात. ही मुदत लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. यासाठी 'उद्यम' नोंदणी हवी. ती १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि फुकट आहे. मावशीने ती केली. उद्यम क्रमांक साइटवर आणि बिलावर गेला, सोबत दोन ओळी : पहिल्या तीन ऑर्डर्सचे पैसे आधी यूपीआयने, पुढे ३० दिवसांची उधारी, लेखी. मला वाटलं होतं कंपन्या तोंड फिरवतील. पण अकाउंट्सवाल्यांना उलट हेच हवं असतं, स्वच्छ लिहिलेलं, फाइलला लावता येणारं.

हिशेब सांगायचा तर मावशी काही कोट्यधीश झालेली नाही. गेल्या चातुर्मासात महिन्याला बारा-पंधरा दिवस काम होतं. सहा जागांपैकी चार जणी आता महिन्याच्या पगारावर आहेत. पावसाळ्यातही. अळूवडीवाली मात्र परत आली नाही, सोसायटीत तिचं बस्तान बसलंय. तिची जागा मावशीने भरलेली नाही. उंडे आता ती स्वतः बांधते, पहाटे पाचला उठून.

परवा रात्री साडेदहाला माझा फोन वाजला. म्हटलं, आलं 'प्लीज अरेंज'! तर मावशी. 'अगं, साइटवर एक ओळ घालशील? अकरानंतर फोन करू नका, पहाटे भात लावायचा असतो.'

घातली. दुसऱ्याच दिवशी एका ऑफिसचा फोन आला, बरोबर दहा पन्नासला.

तुमच्याही घरात केटरर आहे? ही दहा मिनिटांची परीक्षा घ्या

- साइट ऑफिसच्या वायफायवर नाही, लिफ्टमध्ये मोबाइलवर उघडा. तिसऱ्या मजल्यापर्यंत फोटो दिसले तर पास.
- एका अंगठ्याने फोन लागतो का, बघा.
- दर, किमान संख्या आणि ऑर्डरची शेवटची वेळ तीस सेकंदांत सापडते का?
- परवाना आणि जीएसटी क्रमांक कॉपी करून पाहा.
- एखाद्या मित्राला साइट दाखवा आणि विचारा, 'यांच्याकडे काय मिळत नाही?' त्याला सांगता आलं पाहिजे.
- आणि मावशीला एकच विचारा, 'हे ताट कुणाचं?' उत्तर 'आपलंच' असलं पाहिजे.